सेकंड हँड छोटा हत्ती घेतलाय, इन्शुरन्सची दोन कोटेशन आलीत, फरक कळेना (ठाणे)

खोकेवाला_वागळे
नमस्कार मंडळी. वागळे इस्टेटला आमचं पुठ्ठ्याच्या खोक्यांचं छोटं युनिट आहे, मी, बायको आणि चार कामगार. आत्तापर्यंत माल भाड्याच्या टेम्पोने जायचा, भिवंडीच्या गोडाऊनला रोज आणि आठवड्यातून दोनदा महापे-रबाळे, पण भाड्यातच सगळं जायला लागलं म्हणून गेल्या आठवड्यात ओळखीतल्या माणसाकडून २०२१ चा छोटा हत्ती घेतला, रोखीत, लोन नाही. गाडी नावावर पण झाली. त्याची पॉलिसी अजून दोन महिने आहे, तो म्हणतो तोपर्यंत बिनधास्त चालव. मी म्हटलं नवीनचे रेट तरी काढून ठेवू, तर एक आलं साडेवीस हजाराचं आणि एक चोवीसचं. दोन्हीवर कॉम्प्रिहेन्सिव्ह, म्हणजे आपल्या आणि दुसऱ्याच्या दोन्ही नुकसानीचं, लिहिलंय. मग साडेतीन हजार कशाचे? एजंट म्हणतो सगळं सेमच आहे साहेब, स्वस्तातलं घ्या. मोठा भाऊ म्हणतो नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती, घे आणि मोकळा हो. ड्रायव्हर एक ठेवलाय, तो नसला की मेहुणा चालवतो. काय करू?

तुर्भे_मार्केट
थर्ड पार्टीत घासाघीस नसते भाऊ, तो रेट सरकार ठरवतं. जून २०२२ च्या रेटने साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालाच्या गाडीला १६,०४९ आणि वर जीएसटी, कुठल्याही कंपनीकडे जा. म्हणजे तुमच्या दोन्ही कोटेशनमधला हा भाग एकच आहे, खेळ आहे तो वरच्या ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, तुकड्यात. माझ्या कांदा-बटाट्याच्या दोन्ही गाड्या जुन्या झाल्यात, मी थर्ड पार्टीवरच चालवतो, पत्रा ठोकून घेतो गॅरेजला. पण २०२१ ची गाडी असेल तर मी नसतं केलं असं.

डबेवाली_ऐरोली
आयएमटी २३ नावाचं जादा कव्हर आहे का बघा!! दोन्ही कोटेशनवर शोधा. मला हे आधी कोणी सांगितलं नाही. कमर्शियल गाडीला ते नसेल तर बंपर, हेडलाईट, मडगार्ड, टायर, रंग यातलं काहीच मिळत नाही, गाडी पूर्ण लॉस झाली तरच. आता सांगा छोट्या हत्तीला ठाण्यात काय लागतं? बंपर आणि हेडलाईटच ना! कापूरबावडीला पहाटे एका बसने समोरून घासली, गॅरेजचं बिल १८,४०० आणि हातात आले साडेचार हजार. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने बिलावर अशा रेघा मारल्या की शाळेतली वही आठवली. कंपनीचं नाव घेत नाही, चूक माझीच होती, मी पॉलिसीचं फक्त पहिलं पान वाचलेलं. आता घेते आयएमटी २३, तरी त्या पार्टचे अर्धेच मिळतात हे पण लक्षात ठेवा.

रिटायर्ड_सर्व्हेअर
रेघा मारणाऱ्यातला मी एक होतो ताई, राग मानू नका 🙂

खोकेवाले साहेब, आधी ते "बिनधास्त चालव" सोडा. गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी पण तुमच्या नावावर करून घ्यायला कंपनीकडे अर्ज द्यावा लागतो. थर्ड पार्टीचा भाग कायद्याने आपोआप तुमच्याकडे येतो, पण ओन डॅमेज येत नाही. उद्या गायमुखला गाडी उलटली तर आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी त्यांच्या, क्लेम तिथेच संपला. तुमचा एकच आठवडा झालाय म्हणजे वेळ आहे.

दुसरं, स्वस्त कोटेशनमध्ये एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची नो क्लेम बोनसची सूट, लावलाय का ते बघा. माझा संशय तिथेच आहे. नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो, जुना मालक तो स्वतःबरोबर घेऊन जातो. एजंट गाडीचा नंबर टाकतो, आधीच्या पॉलिसीवरचा बोनस तसाच उचलतो, प्रीमियम कमी दिसतो आणि गिऱ्हाईक खूश. क्लेम आला की मग कंपनी खोदकाम करते. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, पण दोन्हीकडे सारखी आहे का बघा, ती खाली ओढून पण प्रीमियम पाडतात, आणि गाडी चोरीला गेली की तेवढेच मिळतात.

मेहुण्याचं लायसन्स एलएमव्ही (हलक्या गाडीचं) असेल तर चालेल. हा वाद बरीच वर्षं चालला, शेवटी नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जजच्या बेंचने मोकळं केलं, साडेसात हजार किलो ग्रॉसपर्यंतच्या मालाच्या गाडीला लायसन्सवर वेगळं ट्रान्सपोर्टचं एंडोर्समेंट (शिक्का) लागत नाही. मुदत संपलेलं मात्र नको, गाडीच्या फिटनेस सर्टिफिकेटची तारीख पण बघून ठेवा. ड्रायव्हर पगारी आहे तर पेड ड्रायव्हरचं कव्हर (त्याला इजा झाली तर तुमच्यावर येणाऱ्या जबाबदारीचं) टाका, ५० रुपयांचं काम आहे, ते वाचवणारे लोक मी पाहिलेत.

तुर्भे_मार्केट
आणि मालाचं काय? लोकांना वाटतं गाडीचा इन्शुरन्स म्हणजे आतला माल पण आला.

रिटायर्ड_सर्व्हेअर
बरोबर बोललात. खोकी भिजली, जळली, या पॉलिसीत एक रुपया नाही. त्याला ट्रान्झिट पॉलिसी वेगळी, कंपनीत तिला मरीन म्हणतात, रस्त्याने जाणारा माल असला तरी. जुलैत घोडबंदर रोड बघितला की नाव बरोबर वाटतं. तुमचा माल पुठ्ठा आहे, एक सर आली ताडपत्रीतून की लगदा, तेव्हा विचारून बघा.

खोकेवाला_वागळे
काका पाया पडतो. साडेवीसवाल्यात एनसीबी ३५ टक्के लावलेलाय, आयएमटी २३ नाही. चोवीसवाल्यात एनसीबी शून्य, आयएमटी २३ आहे, आयडीव्ही पण तीस हजारांनी जास्त. एजंटला फोन केला तर म्हणे "सिस्टीमने आपोआप घेतलं". सिस्टीम बिचारी. जुन्या पॉलिसीच्या ट्रान्सफरचा अर्ज आजच दिला, नावावर करताना तो बोनसचा फरक पण भरायला लावला, दिला. संपली की चोवीसवालं, पेड ड्रायव्हर टाकून. मरीनचं बायको बघणार आहे, हिशोब तिच्याकडे असतो.

एकच अडचण. आमच्या गल्लीतल्या मंडळाला विसर्जनाला गाडी देतो म्हणून कबूल करून बसलोय. चालेल ना?

रिटायर्ड_सर्व्हेअर
मूर्ती न्या की. मागे पंधरा पोरं चढली आणि एक खाली पडलं तर कंपनी हात वर करणार, मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या माणसाची जबाबदारी ते घेत नाहीत, कोर्टही त्यांच्या बाजूने जातं, मग नुकसानभरपाई तुमच्या खिशातून.

डबेवाली_ऐरोली
पोरांना सांगा ढोल घेऊन पुढे चालायचं, तसंही गाडी मासुंदा तलावापर्यंत चालण्यापेक्षा हळूच जाणार आहे