आजोबांच्या मळ्यातली मोट: सोंडेतून पाणी का सांडत नसे?

प्रश्न: सातारा जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी १९७२च्या दुष्काळानंतर विजेचा पंप आला. त्याआधी आजोबा बैलांच्या मोटेने, म्हणजे बैलांनी ओढायच्या मोठ्या कातडी पिशवीने, विहिरीचे पाणी काढत. मोटेची सोंड, म्हणजे तिच्या बुडाची लांबट नळी, खालून उघडीच असे. तरी विहिरीतून वर येईपर्यंत पाणी टिकून राही आणि थारोळ्यात (विहिरीच्या काठावरच्या कुंडीत) मात्र आपोआप रिते होई, हे कसे घडे?

उत्तर १: मोटेला दोन दोर असत. जाड नाडा तोंडाला आणि बारीक सोल सोंडेच्या टोकाला बांधलेला असल्यामुळे वर येताना सोंड दुमडून तोंडाच्या उंचीला राही. वर पोचल्यावर नाडा चाकाकडे चढतच राही, सोल मात्र खालच्या कण्यावरून (फिरत्या आडव्या लाकडावरून) सोंडेला थारोळ्यात ओढून घेई, म्हणून पाणी भसकन बाहेर पडे. दोरांची लांबी चुकली, की निम्मे पाणी विहिरीतच!

उत्तर २: आमच्याकडे भरली मोट ओढताना बैल धावेच्या, म्हणजे विहिरीपासून निघणाऱ्या त्यांच्या वाटेच्या, उतारावरून खाली जात आणि रिकामी मोट सोडताना उलट्या पावली वर येत. नाड्यावर बसून उतरण्यासाठी आम्ही नातवंडे भांडत असू.

उत्तर ३: कातडे वाळून तडकू नये म्हणून आजोबा मोटेला तेल चोळत. तो उग्र वास आजीला मुळीच खपत नसे, त्यामुळे मोटेचा मुक्काम कायम गोठ्यात.