नाताळचा बेत कागदावर आणि प्रत्यक्षात : तुमचे अनुभव (फसलेले आधी)

सांजसावली
काल कपाट आवरताना पाककृतींच्या वहीतून एक चिठोरं पडलं. अक्षर माझंच. वर 'नाताळ, १४ माणसं' आणि खाली यादी : टर्की, सारण, भाजलेले बटाटे, गाजरं, ब्रसेल्स स्प्राउट्स, चीज लावलेला फ्लॉवर, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस, सूप, पुडिंग, कस्टर्ड, केक. खाली लोण्याचा मोठा डाग. शेवटची ओळ त्या डागात गेलीय, 'आणि ५...' एवढंच लागतं.

लग्नानंतरचा दुसरा नाताळ. सासरची सगळी मंडळी पहिल्यांदाच आमच्याकडे जेवायला. बारा पदार्थ मोजले, माणसं मोजली, काटेचमचे मोजले. ओव्हन तेवढा मोजला नाही. तो एकच होता आणि बारातले सहा पदार्थ त्यात जाणार होते. टर्की साडेतीन तास आत ठाण मांडून बसलेली, बाहेर बटाटे, गाजरं, फ्लॉवर नंबर लावून. जेवण एकला ठरलेलं, पानावर बसलो पावणेचारला. सासरे तोवर दोनदा झोपून उठले. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत, फक्त दर अर्ध्या तासाने दारात येऊन "मी काही करू का गं?" विचारायच्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं.

यंदा १६ जण आहेत. धीर द्या किंवा घाबरवा, पण लिहा.

लगबग
आम्ही टर्की २४ ला रात्री फ्रीजरमधून काढली होती. एवढंच सांगते.

मधलीसुट्टी
आई गं 🙈

निवांत_नाही
लगबग, मिठी घे. फ्रिजमध्ये दर दोन किलोला साधारण एक दिवस लागतो, म्हणजे सहा किलोचं धूड तीन दिवस आधी खाली काढायला हवं. हे मला २५ तारखेला पहाटे दोन वाजता वाचून कळलं. मग थंड पाणी. त्याचा हिशेब अर्ध्या किलोला अर्धा तास, आणि पाणी दर अर्ध्या तासाने बदलायचं. सहा तास बाथटबच्या कडेवर बसून होते, अंगावर ब्लँकेट, हातात फोनचा गजर. नवरा साडेसहाला दात घासायला आला, टबात बघितलं, "गुड मॉर्निंग" म्हणाला. मला नाही, टर्कीला.

खमंग_काकू
हाहाहा!! आमची निदान वेळेत वितळली होती. पण तिच्या पोटात काळीज नि मान घातलेली पिशवी असते हे कोणी सांगायला नको? दिराने कापायला घेतली आणि सगळ्यांसमोर जादूगारासारखी ती पिशवी बाहेर ओढली. कागदी होती म्हणून निभावलं. नऊ वर्षं झाली, अजून दारातून आत पाऊल टाकताना विचारतो, "वहिनी, यंदा पिशवी आहे ना?"

मधलीसुट्टी
मला तर टर्कीचंच कौतुक कळत नाही. कोरडी ती कोरडी, वर मिजास. दोन कोंबड्या भाजा शेजारी शेजारी, दीड तासात मोकळे. तंगड्याही चार मिळतात, भांडणं नाहीत.

खमंग_काकू
कोरडी होते कारण सगळे अंदाजाने भाजतात. मांसात खुपसायचा थर्मामीटर घ्या, मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता. ७४ सेल्सिअस दिसलं की बाहेर. ते पॉप होणारं प्लास्टिकचं बटण येतं त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

आणि सांजसावली, तुझं उत्तर इथेच आहे बघ. बाहेर काढलेली टर्की अर्धा-पाऊण तास नुसती झाकून ठेवायची असते, रस मुरतो. तेवढा वेळ ओव्हन रिकामा! बटाटे तेव्हा जातात.

सांजसावली
काकू, हे तेव्हा कुठे होतात तुम्ही.

दुपारचाचहा
मोबाईलवरून लिहितेय, चुका पोटात घाला. १६ पैकी शाकाहारी किती ते आधी विचार. मी विचारलं नव्हतं. नवऱ्याच्या ऑफिसमधली एक मुलगी आली, मांस खात नाही म्हणाली, मी म्हटलं अगं बटाटे आहेत की! मग आठवलं, बटाटे बदकाच्या चरबीत भाजलेत. सारणात सॉसेज. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची. गाजरांना वूस्टर सॉस लावलेला, त्यात अँचोवी म्हणजे मासे. म्हटलं पुडिंग तरी खा, तर पाकिटावर सुएट, म्हणजे गुरांची चरबी. पोरगी शेवटी ब्रेड आणि क्रॅनबेरी सॉसवर उठली आणि वर "छान झालं होतं सगळं" म्हणाली. त्या 'सगळं'ने मला अजून झोप येत नाही.
आता मी भाज्या सरसकट तेलातच करते, आणि एक मशरूमची ग्रेव्ही वेगळी. ती मांसवालेच आधी संपवतात हा भाग निराळा.
बेल वाजली, आले

लगबग
स्प्राउट्स कोण खातं पण?

निवांत_नाही
कोणीच नाही. तरी किलोभर आणतो.

लगबग
आमच्याकडे एक आत्या खातात. त्या यायच्या बंद झाल्या, स्प्राउट्स येतातच आहेत.

मधलीसुट्टी
बटाट्यांवरून : उकडताना पाण्यात अर्धा चमचा खायचा सोडा टाका. कडा भुसभुशीत झाल्या की पाणी काढून दोन मिनिटं वाफ जाऊ द्यायची, मग झाकण दाबून पातेलं गदागदा हलवायचं. फोडींना बाहेरून कुस्करल्यासारखा लेप बसतो. तोच पुढे गरम तेलात कुरकुरीत होतो, चमच्याने टकटक वाजवून बघा. माझा लेक ट्रेच्या कोपऱ्यातले जास्त तांबूस चोरून खातो, म्हणून माणशी पाच धरले तरी कमी पडतात. फक्त तेल आधी कडक तापवा, गार तेलात टाकलेत तर सगळं मुसळ केरात.

अबोली_७
मी नुसती वाचत होते. आमच्याकडे ग्रेव्ही आई करायची, कृती कोणीच लिहून घेतली नाही. ती गेली त्या वर्षी मी केली. पीठ एकदम टाकलं, गाठीच गाठी. ताईने बाबांकडे बघितलं, बाबांनी माझ्याकडे. मग उठून गाळणी आणली, टेबलावरच गाळली आणि दोनदा वाढून घेतली.
माझा बेत दरवर्षी तिथूनच सुरू होतो. आधी ग्रेव्ही, मग बाकीचं.

दुपारचाचहा
अबोली ❤️ (कुरियर होतं.)

खमंग_काकू
अबोली, पीठ आधी लोण्यावर परत आणि रस्सा पळी-पळीने घाल. आणि गाळणी जवळ ठेवच. मी ३० वर्षं करतेय, माझीही गाळणी जवळच असते.

लगबग
डागाखाली काय असेल? ५ लिंबं?

निवांत_नाही
५ अ‍ॅस्पिरिन.

सांजसावली
😂 नणंदेला फोटो पाठवलाय, तिची स्मरणशक्ती हत्तीची आहे.
तोवर यंदाचं ऐका. आठ पदार्थ, ओव्हनमधले फक्त तीन : टर्की, बटाटे, आणि शाकाहारी दोघांसाठी (विचारलं!) नट रोस्ट. नट रोस्ट टर्कीच्या आधी भाजून ठेवणार, वाढताना नुसता गरम करायचा. सॉस चार दिवस आधी. पुडिंग शेगडीवर वाफेला. गाजरं पातेल्यात. सूप रद्द, त्याने पोट भरतं आणि वाडगे वाढतात. फ्लॉवरला नारळ दिला. केक जाऊ आणणार आहे.

दुपारचाचहा
नट रोस्ट?? दाण्यांची अ‍ॅलर्जी कोणाला नाही ना ते पण विचार बाई

सांजसावली
अरे देवा. विचारते.

सांजसावली
भाचीच्या नवऱ्याला आहे! अक्रोड. दुपारचाचहा, तुला केकचा कोपरा. आता मसूर आणि मशरूमचा रोस्ट.
आणि नणंदेचं उत्तर आलं. 'आणि ५ खुर्च्या शेजारून.' मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. ती म्हणते, चार परत दिल्या होत्या. म्हणजे ही हिरव्या गादीची, जिच्यावर बसून मी आत्ता टाइप करतेय...

निवांत_नाही
शेजारी अजून तिथेच राहतात?

सांजसावली
हो. १६ मध्ये ते दोघं धरलेत.

लगबग
त्यांना त्याच खुर्चीवर बसव 😄 बरं ते स्प्राउट्सचं काय केलंस?