प्रवाळ खडकाला चिकटवण्यासाठी कोणता गोंद सुरक्षित?

प्रश्न
माझ्या १५० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत अ‍ॅक्रोपोरा या फांद्यांच्या प्रवाळाचे दोन तुकडे आणि एक मशरूम कोरल (मऊ, चकतीसारखे प्रवाळ) बसवायचे आहे. पातळ सुपर ग्लूने एक तुकडा लावून पाहिला, परंतु पाण्यात जाताच गोंदावर पांढरी साय धरली आणि सकाळी तुकडा वाळूत पडलेला आढळला. हा गोंद विषारी आहे का? नळदुरुस्तीसाठी आणलेली दोन भागांची पुट्टी घरात आहे, ती चालेल का?

उत्तर १
गोंदाची जात बरोबर होती, प्रकार चुकला. सुपर ग्लू म्हणजे सायनोअ‍ॅक्रिलेट. तो ओलाव्यानेच घट्ट होतो आणि एकदा घट्ट झाला की टाकीला त्रास देत नाही. त्याच कुळातले ब्यूटाइल आणि ऑक्टाइल प्रकार तर जखमा बंद करण्यासाठी वापरतात. मात्र पातळ गोंद खडकाच्या खाचांत टिकत नाही, म्हणून जेल घ्यावे.

खडकावरची जागा जुन्या टूथब्रशने शेवाळ निघेपर्यंत घासा, तुकड्याचे बूड टिशूने टिपून घ्या आणि त्यावर वाटाण्याएवढे जेल लावा. पाण्यात नेताना साय धरेलच. तुकडा खडकावर दाबून किंचित फिरवला की ती फाटते, आतला ओला गोंद खडकाला लागतो आणि मग अर्धा मिनिट हात न हलवता धरून ठेवणे एवढेच उरते. सुती हातमोजे मात्र घालू नका, कारण या गोंदाने कापूस इतका तापतो की हात भाजू शकतो.

उत्तर २
नळाच्या पुट्टीबाबत सावध राहा. अशा काही पुट्ट्यांत धातूची भुकटी असते, आणि तांबे प्रवाळासारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना अत्यल्प प्रमाणातही मारक ठरते. मत्स्यालयासाठीचीच इपॉक्सी पुट्टी घेऊन ती एकसारखा रंग येईपर्यंत मळावी. मुळात पुट्टी चिकटवण्यापेक्षा पोकळी भरून आधार देते. म्हणून जड तुकड्यासाठी आधी जेल, मध्ये पुट्टी, पुन्हा जेल असा थर द्यावा. पुट्टी लावलेल्या दिवशी प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारे यंत्र) फेस ओकू लागतो, तेव्हा एका वेळी थोडीच पुट्टी वापरलेली बरी.

उत्तर ३
मशरूमसाठी गोंदाचा नाद सोडा. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव गोंद धरू देत नाही. लहान भांड्यात खडकाचे बारीक तुकडे घालून त्यावर मशरूम ठेवा आणि वरून जाळी बांधा. काही दिवसांत ते आपणहून एखाद्या तुकड्याला धरते, मग तो तुकडा जेलने लावता येतो. सिलिकॉनचा गोंद फक्त पाण्याबाहेरच्या, कोरड्या कामासाठी आहे आणि तेही बुरशीनाशक नसलेले हवे. बाथरूमसाठीच्या सिलिकॉनच्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक बहुधा असतेच.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पुट्टीचे वेष्टन आता नीट वाचले, तर त्यावर बारीक अक्षरांत ‘स्टीलयुक्त’ असे छापलेले आहे. ती नळाच्याच कामाला ठेवतो.