झाडांची प्रतिकारशक्ती : थोडी भर

एकांनी लिहिलंय की झाडांत ना पांढऱ्या पेशी ना अँटिबॉडी, तेव्हा त्यांची ‘प्रतिकारशक्ती’ म्हणजे नुसता अलंकार. हे काही पटलं नाही. अँटिबॉडी नाहीत हे खरं, पण जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे जंतू आधी कधी भेटलेला नसला तरी चालणारी, झाडाच्या पेशीपेशीत असते.

भाताच्या कडा करपा या जिवाणूंमुळे होणाऱ्या रोगाचंच बघा. आफ्रिकेतल्या एका रानटी भातातून आलेलं, या रोगाला दाद न देणारं एक्सए-२१ हे जनुक वनस्पतिशास्त्रज्ञ पामेला रोनाल्ड यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटाने १९९५ साली वेगळं काढलं. त्यातून बनणारं प्रथिन पेशीच्या पटलात बसतं: बाहेरचं टोक जिवाणू ओळखतं, आतलं टोक पेशीला खबर देतं. प्राण्यांतलं असंच उदाहरण, म्हणजे फळमाशीतल्या टोल प्रथिनाचं जंतूंशी लढण्यातलं काम, समोर आलं त्याच्या पुढच्या वर्षी!

पण हे प्रथिन नेमकं ओळखतं काय? त्याचं रोनाल्ड यांच्या गटाने शोधनिबंधात आधी दिलेलं उत्तर चुकलं आणि २०१३ साली रोनाल्ड यांनी तो शोधनिबंध स्वतः मागे घेतला. मला हे त्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं. जिवाणूतला खरा रेणू, रॅक्स-एक्स, २०१५ साली सापडला. त्यातल्या एका टायरोसिनवर (हे एक अमिनो आम्ल) सल्फेट नसेल तर भात ढिम्म हलत नाही.

आणि हे सगळं प्रयोगशाळेतच राहिलं असंही नाही. आपल्याकडच्या ‘सुधारित सांबा मसुरी’ या भाताच्या वाणात हेच जनुक आणखी दोन जनुकांसोबत आहे, तेही जीएम (प्रयोगशाळेत जनुकीय बदल) न करता, साध्या संकरातून आणि डीएनए-खुणांच्या आधारे निवड करून.