२००४ ची बलेनो अल्टुरा: चाळीस हजारांत आधी काय करावं? (कळवा-ठाणे)

अल्टुरावाली, कळवा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ ची मारुती बलेनो अल्टुरा आहे, म्हणजे जुन्या बलेनोची लांब डिकीवाली स्टेशन वॅगन, १.६ पेट्रोल. नेरुळच्या मामांची होती. गुडघ्यांनी दगा दिल्यावर त्यांनी ती माझ्या हवाली केली. आरसी माझ्या नावावर आहे, नूतनीकरण झालंय, पीयूसी चालू आहे. कागदांचं रडगाणं नाही.

मी खणाच्या साड्यांचे स्टॉल लावते. डिकीत फोल्डिंग टेबलं, लोखंडी स्टँड आणि साड्यांचे गठ्ठे. कधी वाशी, कधी पनवेल, कधी मीरा रोड. सणावाराला माळशेजमार्गे ओतूर. "एसयूव्ही घेऊन टाक" हा सल्ला ऐकून कान किटलेत, तो कृपया इथे नको. अल्टुराची डिकी खाली आहे, टेबल टेकवलं आणि आत सरकवलं की झालं. छातीपर्यंत उचलायला मी हमाल नाही.

आता दुखणं. माल भरला की गायमुख घाटात मागचा भाग झोपाळ्यासारखा खालीवर होत राहतो, आणि वळणातच खड्डा आला तर मागून बाजूला उडी मारते. घणसोलीच्या उड्डाणपुलावर एसी लावून तिसऱ्यात नुसती गुरगुरते, पुढे काही सरकत नाही. ओतूरहून परतताना माळशेज उतरेपर्यंत ब्रेकचं पेडल मऊ पडतं.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने यादी दिली: कोन फिल्टर (हवेचा उघडा, शंकूसारखा फिल्टर), फ्री-फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा), १५ इंची अलॉय चाकं, गाडी खाली बसवणारे स्प्रिंग. ऐंशी हजार. माझ्याकडे चाळीस आहेत. मला शर्यत लावायची नाही. मामा चालवायचे त्याहून जरा बरी चालली तरी पुष्कळ. आधी काय करू?

पामबीच_१६व्ही, सीवूड्स

ताई, सगळ्यात आधी गाडी विकली नाही याबद्दल आभार. रस्त्यावर अल्टुरा दिसली की मी अजून मान वळवून बघतो.

१५ इंची नको. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, इतकी बारीक होते की घोडबंदरचा एक खड्डा रिम वाकवून जाईल. तुमच्या गाडीला १३ इंची चाकं असतील, म्हणजे १७५/७० आर १३ (रुंदी मिमीत, भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात), तर १८५/६० आर १४ बसवा. पहिल्याचा व्यास साधारण ५७५ मिमी, दुसऱ्याचा ५७८. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही, गिअरिंग तसंच राहतं आणि वळणात टायर कमी मुरडतो. चार बोल्टचं, १०० पीसीडीचं (बोल्टच्या वर्तुळाचा व्यास १०० मिमी) रिम लागतं, सेकंडहँडही मिळतं. आणि १९५ च्या मोहात पडू नका, स्टिअरिंग जड होईल आणि पिकअप अजून मरेल.

फिल्टर बदलायचाच तर मूळ डब्यात बसणारा घ्या. कोन फिल्टर बोनेटमधली तापलेली हवा ओढतो. आवाज मस्त येतो, हे मान्य.

रबाळे_फिटर

ताई, मी रबाळे एमआयडीसीत आयुष्यभर गाड्यांखाली झोपलेला माणूस. आता निवृत्त. माझं म्हणणं जरा लांबेल.

या गाडीत ताकद घालायची नाहीये. गेलेली ताकद शोधायचीय. साधारण टनभर वजनाच्या गाडीला ते १६ व्हॉल्व्हचं इंजिन नवं असताना नव्वदीच्या घरात घोडे देत होतं. उड्डाणपुलाला एवढे घोडे पुरतात. मग ते जातात कुठे? चौथ्या गिअरमध्ये चढावर पाय दाबा. आरपीएम चढतोय आणि वेगाचा काटा जागेवर, तर क्लच प्लेट घसरतेय, आणि जगातला कुठलाही फिल्टर ते बरं करणार नाही. अर्धा तास चालवून थांबा आणि चारही रिमजवळ हात न्या. जवळ म्हणतोय, लावू नका. एकच चाक जास्त भाजत असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये, तुम्ही ब्रेक ओढत चढताय.

हे दोन्ही ठीक निघालं तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांत हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजायला लावा. आकडा वर गेला तर रिंगा, नाही गेला तर व्हॉल्व्ह. मग प्लग, प्लग वायर, थ्रॉटल बॉडीची सफाई, पेट्रोल फिल्टर. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मामांना विचारा. त्यांना आठवत नसेल तर बदललेला नाही असं समजा आणि बदला. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बघून घ्या. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं आणि वीस वर्षांपूर्वीचं रबर त्या हिशेबाने बनवलेलं नव्हतं. नळी वाकवली की चिरा दिसतात.

फ्री-फ्लोचं म्हणाल तर असल्या इंजिनाला त्याचा जो काही फायदा होतो तो वरच्या आरपीएमला. तुम्ही अडकणार माजिवड्याला, पहिल्या-दुसऱ्यात. तिथे फक्त शेजारचा रिक्षावाला वळून बघेल.

आता मागचा भाग, तुमचं खरं दुखणं. डिकी रिकामी करा, गाडी सपाट जागी लावा. मागचा कोपरा जोरात दाबून सोडा. एकदा वर येऊन थांबला पाहिजे. डुलत राहिला तर शॉकॲब्सॉर्बर गेलेत. मग चाकामागे टॉर्च मारा. शॉकच्या नळीवर वरून खाली ओली, धूळ चिकटलेली काळी पट्टी दिसली तर आतलं ऑइल बाहेर आलंय. त्यानंतर चाकाच्या मधल्या बिंदूपासून मडगार्डच्या कमानीपर्यंत टेप लावा, डावी-उजवीकडे. जास्त फरक आला तर एक स्प्रिंग बसलीय. रात्री माल भरल्यावर समोरचे लोक तुम्हाला डिपर मारतात का? मागून बसली की हेडलाइट आभाळात जातात.

शॉक जोडीनेच बदलायचे. बजेट असेल तर चारही. सोबत वरची माउंटिंग, लोअर आर्मचे बुश (सांध्यातली रबरं), स्टॅबिलायझरच्या लिंक. बुश मूळ रबराचेच घ्या, पॉलीचे कुरकुरतात आणि प्रत्येक खड्डा केबिनमध्ये आणून टाकतात. स्प्रिंगच्या वेढ्यात ठोकायचे ते रबरी बफर कोणी गळ्यात मारले तर घेऊ नका. तेवढे वेढे काम करेनासे होतात आणि सगळा ताण बाकीच्यांवर जातो. खाली बसवणारे स्प्रिंग तर अजिबात नको, माल भरणाऱ्या गाडीचं पोट आपल्या स्पीडब्रेकरला लागणारच.

पेडल मऊ पडतं त्याचं बहुतेक कारण जुनं ब्रेक फ्लुइड. ते हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं फ्लुइड कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. मग नळीत वाफ, आणि वाफ दाबली जाते. दर दोन वर्षांनी बदलायचं. मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट आणि व्हील सिलिंडरची गळतीही त्याच दिवशी बघून टाका. आणि घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरा.

कुर्ल्याला सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसला पार्ट घ्यायला गेलात तर नुसतं "बलेनो" म्हणू नका. पोऱ्या २०१५ नंतरच्या हॅचबॅकचा डबा पुढे करेल. चॅसी नंबर द्या आणि जुना पार्ट हातात घेऊन जा.

वागळे_इस्टेट

कायद्याचं तेवढं सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. तुमची गाडी २००४ ची, म्हणजे २०२९ ला पुन्हा तपासणीला उभी करायचीय. ढणढणणारा सायलेन्सर तिथे पहिला ऐकू येतो.

अल्टुरावाली, कळवा

काका, दंडवत! रविवारी मुलाला टॉर्च देऊन चाकामागे बसवलं. दोन्ही मागच्या शॉकवर तुम्ही म्हणालात तशी काळी पट्टी आहे. टेपने डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं खाली निघाली. क्लच घसरत नाही, पण पुढचं उजवं चाक बाकीच्यांपेक्षा चांगलंच भाजतंय. ब्रेक फ्लुइड चहाच्या रंगाचं. टायरवरचे शेवटचे चार आकडे ३११६, आणि नक्षी अजून शिल्लक आहे. चालतील का?

पामबीच_१६व्ही, सीवूड्स

३११६ म्हणजे २०१६ चा एकतिसावा आठवडा. नक्षी असू दे, रबर दगड झालंय. पावसात पाम बीचच्या वळणावर कळेल. बदला.

रबाळे_फिटर

पुढचं उजवं कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकलंय. पिन आणि पिस्टन साफ करून नवं रबर किट टाका, तेच तुमच्या पिकअपचं निम्मं उत्तर निघेल. क्रम असा ठेवा: कॅलिपर आणि फ्लुइड याच आठवड्यात, मग मागचे शॉक आणि दोन्ही स्प्रिंग, मग टायर, आणि शेवटी चारही चाकांचं अलाइनमेंट. अलाइनमेंट आधी केलंत तर स्प्रिंग बदलल्यावर पुन्हा पैसे जातील. टायरला १३ इंचीच रिम ठेवलंत तर चाळीसमध्ये बसेल. अलॉय पुढच्या वर्षी. टायर पाच घ्या, स्टेपनीही २०१६ चीच असणार.