विषय: घाटात पेट्रोलवर गाडी दम सोडते, पंप बदलायचा का?

प्रेषक: वैशाली (सध्या मुक्काम सांगली)

नमस्कार मंडळी,

सुट्टीत विश्रामबागेत आई-बाबांकडे आले आहे. बाबांनी दिवाळीआधी एक सेकंड हँड हॅचबॅक घेतली. गाडी पेट्रोलची, आधीच्या मालकाने बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलेलं. सांगलीत फिरताना काही तक्रार नाही. साताऱ्याला मावशीकडे गेलो होतो, तिथून कासला निघालो आणि वाटेत सीएनजी संपला म्हणून पेट्रोलवर घेतली. यवतेश्वरच्या घाटात गाडी पिकअपच घेईना. दुसऱ्या गिअरलाही झटके मारायची आणि बंद पडायची. थोडा वेळ थांबलं की चालू व्हायची, पुढच्या चढाला पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सीएनजी भरून त्याच घाटाने वर गेलो, तर एकदाही अडखळली नाही.

इथल्या गॅरेजवाल्याने ऐकताक्षणी सांगितलं, "फ्यूएल पंप गेलाय, अख्खी असेंब्ली टाकावी लागेल." तपासलं काहीच नाही. खर्चाचं एक वेळ ठीक आहे. पण पंप बदलूनही दुखणं तसंच राहिलं, तर मी परत गेल्यावर बाबा आईला घेऊन तीच गाडी घाटात नेणार. वळणावर गाडी बंद पडली आणि मागे एसटी असली तर काय, हा विचार डोक्यातून जात नाही.

शिरीषकाका, तुमची हयात याच कामात गेली आहे. नक्की काय तपासायला सांगू?

वैशाली

———

प्रेषक: शिरीष (मिशिगन)

चि. वैशाली,

आधी पंप मागवू नकोस. तू जे लिहिलंस त्यात अर्धं निदान आहेच. सीएनजीवर तोच घाट गाडी बिनतक्रार चढते, म्हणजे स्पार्क प्लग, इग्निशन कॉइल, क्रँक सेन्सर, एअर फिल्टर, कॉम्प्रेशन यांच्यावरचा संशय जवळपास गेला. सीएनजी पेटवायला तर पेट्रोलपेक्षा जोरदार ठिणगी लागते. दोष पेट्रोलच्या वाटेवरच आहे. पण त्या वाटेवर पंप एकटा नाही. टाकीतली जाळी, फिल्टर, प्रेशर रेग्युलेटर, इंजेक्टर आणि पंपाला वीज पुरवणारी वायर, रिले (म्हणजे विजेवर चालणारा स्विच), अर्थिंग, हे सगळं तिथेच आहे.

गावात चालते आणि घाटात मरते, याचं कारण असं. आयडलिंगला इंजिन अगदी थोडं पेट्रोल पितं. पंप देतो त्यातलं बरंचसं रेग्युलेटर परत टाकीत सोडतो. म्हणून थकलेला पंपसुद्धा उभ्या गाडीत दाब बरोबर दाखवतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की मागणी कितीतरी पटीने वाढते, पंपाला तेवढा पुरवठा जमत नाही आणि दाब कोसळतो. त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर गेज लावून "प्रेशर ओके" म्हणणाऱ्याचंही ऐकू नकोस. दाब बघायचा तो लोडवर, म्हणजे इंजिनवर भार असताना.

सुरुवात कानाने कर. मागच्या सीटवर बसून बाबांना फक्त चावी ऑन करायला सांग, सेल्फ मारायचा नाही. टाकीच्या बाजूने साधारण दोन सेकंद गुणगुण ऐकू आली पाहिजे. काही किटमध्ये हा आवाज गाडी पेट्रोलवर असतानाच येतो, म्हणून आधी स्विच पेट्रोलवर टाक. आवाज नसेल तर फ्यूज आणि रिले बघ. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा फॅनचा रिले त्याच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघता येते. तुमची गाडी चालू होते, त्यामुळे आवाज येईलच. मात्र आवाज येतो एवढ्यावरून पंप चांगला ठरत नाही.

आता खरं काम. फ्यूएल लाइनमध्ये टी-जोड टाकून प्रेशर गेज लावणारा मेकॅनिक शोध. सांगली-मिरजेत इंजेक्टर साफ करणाऱ्यांकडे गेज असतं. तुमच्यासारख्या साध्या पोर्ट इंजेक्शनच्या (सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोल फवारणाऱ्या) गाड्यांत दाब साधारण ३ ते ४ बार असतो, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यायचा. मेकॅनिकला शेजारी बसवून गाडी चढावर न्यायला सांग आणि पूर्ण ॲक्सिलरेटरला काटा कुठे जातो ते बघ. जागचा हलला नाही तर पंप निर्दोष, मग इंजेक्टरकडे वळायचं. इंजिन बंद केल्यावरही बघ. दाब काही मिनिटं टिकला पाहिजे. झरकन उतरला तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह (पेट्रोल मागे जाऊ न देणारी झडप), रेग्युलेटर किंवा गळका इंजेक्टर. अशा गाडीला सकाळी सेल्फ लांबवर मारावा लागतो.

लोडवर काटा पडला, तरी लगेच पंपाला दोष देऊ नये, आणि नव्वद टक्के गॅरेजं नेमकी इथेच घाई करतात. पंप चालू असताना थेट पंपाच्या कनेक्टरवर मल्टीमीटर लाव. बॅटरीवर जेवढे व्होल्ट आहेत, त्यापेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी नकोत. दीड-दोन व्होल्ट वाटेत गळत असतील, तर पंप बिचारा उपाशीपोटी काम करतोय. नवा टाकला तरी तोही तसाच चालेल.

मोजमाप करताना पेट्रोल अंगावर उडू शकतं. लाइन सोडण्याआधी पंपाचा फ्यूज काढून, गाडी पेट्रोलवर चालू ठेवून आपोआप बंद पडू द्यायची, म्हणजे दाब उतरतो. काम उघड्यावर करायचं, बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवायची, अग्निशामक हाताशी हवा. बाबांना लांब उभं कर. हे मी कळकळीने सांगतो आहे.

टाकीत पेट्रोल किती ठेवता ते मात्र तू लिहिलं नाहीस. ते कळव.

शिरीषकाका

———

प्रेषक: अमोल

वैशालीताई, आमचं मिरजेत गॅरेज आहे, वडील आणि धाकटा भाऊ बघतात. काकांच्या मताला पूर्ण दुजोरा. फक्त किटच्या वायरिंगकडे विशेष लक्ष द्या. सीएनजीवर असताना पंप फिरू नये म्हणून काही फिटर पंपाच्या वायरमध्ये एक जादा रिले घालतात. ती वायर कापून, पिळून, वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली आम्ही कितीदा पाहिली आहे. तो जोड गरम होऊन काळा पडतो. इंजेक्टरच्या वायरीही किटवाल्याने कापलेल्या असतात, त्याही तपासायला सांगा. आणि स्कॅनर लावून पेट्रोलवर फ्यूएल ट्रिम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-कमी करतो तो आकडा, बघायला सांगा. लोडवर ते प्लसमध्ये खूप वर गेलं, तर इंजिनला पेट्रोल कमी पडतंय.

अमोल

———

प्रेषक: वैशाली

काका, अमोल, सविस्तर लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

टाकीचं विचारलंत. बाबा दोनशे रुपयांचं पेट्रोल टाकतात, रिझर्व्हचा दिवा बहुतेक वेळा लागलेलाच असतो. "सीएनजीवरच तर चालते" असं त्यांचं म्हणणं.

मिरजेच्या गॅरेजमध्ये गेले होते. अमोल, तुमच्या वडिलांनी चहा पाजल्याशिवाय गाडीला हात लावला नाही आणि मग दुपारभर दुसरं काम घेतलं नाही. आयडलिंगला दाब ३ बारच्या वर, अगदी स्थिर. दंडोबाच्या चढावर नेऊन ॲक्सिलरेटर दाबला तर काटा २ बारच्या खाली आणि गाडीने तेच झटके दिले. नंतर मागची सीट उचलून मीटर लावला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरवर ११.३. वायर मागोमाग तपासत गेले तर डॅशबोर्डखाली किटचा रिले, त्याचं सॉकेट वितळून तपकिरी झालेलं. रिले आणि सॉकेट नवीन टाकलं, जोड सोल्डर करून श्रिंक ट्यूब घातली. आता कनेक्टरवर १३.५ आहेत आणि त्याच चढावर काटा हलत नाही.

पंप उघडलाच आहे तर जाळी बघूया म्हणाले. तळाशी काळा गाळ होता, तो काढला. पंप जुनाच ठेवलाय. बरोबर केलं ना?

———

प्रेषक: शिरीष (मिशिगन)

वैशाली, अगदी बरोबर. तुमच्या अमोलच्या वडिलांना माझा नमस्कार सांग.

पंप ठेव, पण त्याच्यावर भिस्त किती ठेवायची ते टाकीवर अवलंबून आहे. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडून राहतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही देतं. दोनशे रुपयांत दोन लिटरही येत नाही. गाडी चालू होताना आणि गरम होईपर्यंत पेट्रोलवरच असते, त्या वेळी पंप जवळजवळ कोरडा फिरतो, आणि चढावर तळचं पेट्रोल मागे सरकलं की हवा ओढतो. बाबांना सांग, पाव टाकी कायम ठेवायची. पण टाकी भरून महिनोन् महिने ठेवायचीही नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं आणि ते ओलावा ओढून घेतं. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम पेट्रोलवर चालवावी.

जुन्या रबरी नळ्याही एकदा बघून घे. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बहुतेक गाड्या २० टक्क्यांसाठी बनवलेल्या नव्हत्या. नळी चिकट लागली, फुगलेली वा चिरलेली दिसली तर बदलून टाक, फार खर्च नाही. फिल्टर वेगळा असेल तर तोही. तू निघण्याआधी भर उन्हात, चार माणसं बसवून, पेट्रोलवर यवतेश्वरचा घाट एकदा चढवून बघ आणि काय झालं ते इथेच लिही.

शिरीषकाका