मदत हवी आहे: नगरपरिषदेच्या पाणीपुरवठ्याचा डेटा पुरापासून वाचवायचाय, आठ लाखांत आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

मी कृष्णाकाठच्या एका नगरपरिषदेत पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता आहे. शिक्षण सिव्हिलचं. सर्व्हरचं काम अंगावर आलं कारण विभागात ते बघणारं दुसरं कोणी नाही. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

२०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी गावात शिरलं तेव्हा आमचं ऑफिस तळमजल्यावर होतं. आजही तिथंच आहे. शिपाईमामांनी आणि मी सर्व्हर आधी टेबलावर ठेवला, मग टेबलावर दुसरं टेबल चढवून त्यावर. आठवड्यानं दार उघडलं तर भिंतीवरची गाळाची रेघ सर्व्हरच्या चार बोटं खाली होती. मशीन वाचलं. यूपीएसच्या बॅटऱ्या गेल्या आणि लोखंडी कपाटातलं व्हॉल्व्हचं रजिस्टर लगदा होऊन हातात आलं. एकही पान सुटेना.

जॅकवेलचे (नदीचं पाणी उपसायच्या विहिरीचे) पंप सुरू झाले तरी पाणी सोडता येत नव्हतं. बुडालेल्या पेठेची लाइन बाकी गावापासून तोडायची होती, नाहीतर फुटलेल्या जोडांतून शिरलेला गाळ गावभर फिरला असता. कुठले व्हॉल्व्ह बंद करायचे हे सांगणारा कागदच उरला नव्हता. आमचे निवृत्त व्हॉल्व्हमन काका स्वतःच्या घरातला गाळ तसाच टाकून आले. हातातली पहार रस्त्यावर आपटत चालायचे आणि आवाज बदलला की म्हणायचे, "इथं खणा." चेंबरचं झाकण तिथंच निघायचं.

त्यानंतर दोन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी त्यांच्याबरोबर फिरून ४१२ व्हॉल्व्ह नकाशावर घेतले. जागा, व्यास, किती आटे फिरतात, सुलटा फिरतो की उलटा. काका गेल्या वर्षी वारले. ती सगळी माहिती आता त्या एका सर्व्हरवर आहे, आणि सोमवारपासून त्याच्या एका डिस्कचा दिवा केशरी लागलाय, म्हणजे ती बिघडायला लागलीय.

मशीन म्हणजे साधा टॉवर सर्व्हर, २ टीबीच्या चार डिस्क, रेड ५ (चारही एकत्र जोडलेल्या, त्यातली एक गेली तरी डेटा वाचतो). त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, ज्याचे नेहमीचे सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२३मध्येच बंद झाले. पाणीपट्टीचा डेटाबेस ६० जीबीचा. नकाशे आणि स्कॅन केलेली जुनी ड्रॉइंग मिळून दीड टीबी. शिवाय स्काडाच्या (पंप आणि टाक्यांवर दुरून नजर ठेवणाऱ्या संगणक यंत्रणेच्या) नोंदी आणि लॅबचे रोजचे क्लोरीनचे आकडे. बॅकअप म्हणाल तर एक यूएसबी हार्ड डिस्क, तीही कायम सर्व्हरलाच लावलेली. पूर आला तर दोन्ही एकत्र बुडणार, व्हायरस आला तर दोन्ही एकत्र लॉक होणार.

मुख्याधिकाऱ्यांनी आठ लाखांपर्यंत तरतूद करू म्हटलंय, पण खर्च मार्चएंडच्या आत पडायला हवा. एका पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये सगळे पैसे एका मोठ्या नव्या स्टोरेजमध्ये आहेत, आणि ते बसणार याच खोलीत. दुसरा म्हणतो सगळं क्लाउडवर टाका. आमची अपलोड २० एमबीपीएस. हिशोब करून पाहिला, दीड टीबी चढायला सलग सात दिवस लागतील, तेही लाइन एकदाही न तुटता.

केशरी दिव्याच्या डिस्कचं आज काय करू? दुसरी प्रत कुठं ठेवू? आणि पूर ओसरल्यावर आधी काय उभं करायचं हे ठरवतात कसं? आमच्या साहेबांचं म्हणणं आधी पाणीपट्टी, कारण वसुली थांबते. मला ते पटत नाही, पण नीट मांडता येईना.

रातपाळी_पुणे

ताई, डिस्क बदलायच्या आधी डेटा बाहेर काढा. नवी डिस्क घातली की रेड ५ ती भरण्यासाठी उरलेल्या तिन्ही डिस्क अथपासून इतिपर्यंत वाचतं. त्या तिन्ही एकाच वयाच्या, बहुतेक एकाच खोक्यातून आलेल्या. त्या ताणात दुसरी डिस्क बंद पडलेली मी दोनदा पाहिलीय, आणि दुसरी बंद पडली की सगळंच गेलं. आज संध्याकाळी ४ टीबीची नवी डिस्क आणा. आधी व्हॉल्व्हचा फोल्डर, मग डेटाबेस, मग बाकीचं. कॉपी झाली की ती काढून ऑफिसबाहेर न्या, आणि मगच सर्व्हरला हात लावा.

नवीन घेताना रेड ६ मागा, दोन डिस्क गेल्या तरी निभावतं. पण त्याला बॅकअप समजू नका. चुकून पुसलेली फाइल रेड सगळीकडूनच पुसतं.

दुसऱ्या प्रतीची जागा तुमच्याच विभागाकडं आहे. पाणी उतारानं जावं म्हणून गावची मोठी टाकी उंचावरच बांधलेली असते. तिथली वॉचमनची खोली बघा. एक छोटा नॅस (नेटवर्कवरून वापरायची डिस्कची पेटी), कुलुपाचं कपाट, चांगलं अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर. उंचावर वीज पडते, तेव्हा अर्थिंगमध्ये काटकसर करू नका. ऑफिसच्या गच्चीवरून टाकी दिसत असेल तर वायरलेस लिंक बसेल. पहिली पूर्ण प्रत डिस्कवर घेऊन गाडीनं न्या. नंतर रात्री फक्त बदललेलं तेवढं जाईल. क्लाउडवर दीड टीबी कशाला? डेटाबेस आणि व्हॉल्व्हचा नकाशा एवढंच तिकडं ठेवा.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ला आमच्याकडं वीज नव्हती आणि मोबाइलला रेंज नव्हती. तुमचा डेटा टाकीवर सुखरूप असला तरी त्या दिवशी तो उघडणार कशावर? प्रत्येक झोनचा व्हॉल्व्हचा नकाशा ए३ कागदावर छापून लॅमिनेट करा. एक संच टाकीवर, एक फिल्टर हाउसला, एक व्हॉल्व्हमनच्या घरी. हजार-दोन हजारांचं काम आहे, उद्याच होईल, त्याला निविदा लागत नाही.

आणि साहेबांना सांगा, थांबलेली वसुली पुढच्या महिन्यात होते. गढूळ पाणी प्यायलेल्या पोराचे जुलाब पुढच्या महिन्यावर ढकलता येत नाहीत.

लॉग_बघणारी

वरच्या दोघांशी सहमत. साहेबांचं म्हणणंही अगदी चूक नाही, इथं दोन प्रश्न एकात मिसळलेत. एखादी गोष्ट किती वेळ बंद राहिली तर चालेल, हा एक. आणि किती जुनी प्रत मिळाली तर भागेल, हा दुसरा. व्हॉल्व्हचा नकाशा दोन तासांत समोर हवा, पण तो महिन्यापूर्वीचा असला तरी चालेल, कारण व्हॉल्व्ह रोज बदलत नाहीत. पाणीपट्टी पंधरा दिवस बंद राहिली तरी चालेल, पण काल खिडकीवर घेतलेल्या पैशांची एकही नोंद हरवता कामा नये, नाहीतर पावती असलेल्या माणसालाच थकबाकीची नोटीस जाईल. म्हणून नकाशा आधी उभा करायचा आणि पाणीपट्टीची प्रत रोज काढायची. प्रत्येक डेटासमोर हे दोन आकडे लिहून साहेबांची सही घ्या. खरेदीचा आधार तोच कागद.

पुराइतकीच रॅन्समवेअरची, म्हणजे डेटा लॉक करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसची, तयारी करा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या ऑन्स्लो काउंटीच्या पाणी प्राधिकरणावर २०१८च्या ऑक्टोबरात असा हल्ला झाला, फ्लोरेन्स वादळातून ते सावरत असतानाच. त्यांनी खंडणी दिली नाही. पाणी चालू राहिलं, पण डेटाबेस नव्यानं उभे करावे लागले. म्हणून एक प्रत अशी हवी जी कुठल्याच वायरला लावलेली नाही. दोन यूएसबी डिस्क आलटून पालटून, एक कायम बाहेर. टाकीवरच्या नॅसचा पासवर्ड सर्व्हरच्या ॲडमिनपेक्षा वेगळा. स्काडाचं नेटवर्क ऑफिसच्या इंटरनेटपासून वेगळं. आणि सर्ट-इनचे (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे) एप्रिल २०२२चे निर्देश सरकारी संस्थांनाही लागू आहेत. घटना कळल्यापासून सहा तासांत त्यांना कळवायचं आणि लॉग, म्हणजे यंत्रणेत काय काय घडलं त्याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी, १८० दिवस ठेवायचे. ती जागा आत्ताच हिशोबात धरा.

शेवटचं म्हणजे, परत चढवून बघितलेला नाही तो बॅकअप मोजू नका.

मूळ प्रश्नकर्ती, बारा दिवसांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. त्याच संध्याकाळी कॉपीला बसले, व्हॉल्व्हचा फोल्डर वीस मिनिटांत बाहेर आला. पूर्ण कॉपीला पहाटेचे चार वाजले. डिस्क स्टीलच्या डब्यात घालून घरी, वरच्या मजल्यावर. नंतर डिस्क बदलली, ती नीट भरली, दिवा हिरवा आहे. लॅमिनेट केलेले नकाशे तिन्ही ठिकाणी पोचले. नव्या व्हॉल्व्हमनला दाखवले तर त्यानं दोन चुका काढल्या. एका ठिकाणी रस्ता रुंद करताना चेंबर सरकलाय. म्हणजे महिन्याची प्रतही त्याच्याकडून तपासून घ्यायला हवी.

दोन आकड्यांच्या कागदावर साहेबांनी सही केली. पावतीचं उदाहरण त्यांना लगेच पटलं. गच्चीवरून टाकी दिसते, मध्ये एक वडाचं झाड येतं, पण अँटेना सहा फुटांच्या पाइपवर उंच बसवली की काम होईल असं लिंकवाला म्हणतोय. ऑफिसातला सर्व्हर पहिल्या मजल्यावर जन्ममृत्यू नोंदणीच्या शेजारी हलवायला मंजुरी मिळाली.

आता नवी अडचण. रविवारी जुन्या डेस्कटॉपवर पाणीपट्टीचा बॅकअप परत चढवून पाहिला. डेटाबेस तीन तासांत उभा राहिला, पण सॉफ्टवेअर उघडेना. त्याचं लायसन्स सर्व्हरच्या मागं लावलेल्या डोंगलवर आहे, म्हणजे ती किल्ली लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही. डोंगल एकच, अंगठ्याएवढं. २०१९ला ते त्याच टेबलावर होतं आणि आमच्या कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते बुडालं असतं तर हातात पूर्ण डेटा असून एक पावती फाडता आली नसती. विक्रेता म्हणतो दुसरं डोंगल देता येईल, पण नव्या वार्षिक देखभाल कराराबरोबरच.

करार करायचाच आहे, तर त्यात दोन अटी घालायच्यात. आपत्तीत दुसऱ्या मशीनवर सॉफ्टवेअर चालवायचा हक्क, आणि करार संपल्यावर सगळा डेटा दुसऱ्या कुणालाही वाचता येईल अशा साध्या टेबलांत परत. कुठल्या नगरपरिषदेनं किंवा महापालिकेनं अशा अटी घातल्या असतील तर त्यांची शब्दरचना इथं द्या. मसुदा गुरुवारी लेखापालांकडं जायचाय.